छात्रशिक्षकांचा आत्मविश्वास : तो येतो कोठून?

वर्षातील ठरावीक काळात आपल्या गावच्या प्राथमिक शाळेत काही नवे चेहरे दिसू लागतात. हातात पाठटाचणाची वही, खांद्याला अडकविलेल्या पिशवीत गुंडाळलेले तक्ते, आणि चेहऱ्यावर परीक्षेला निघालेल्या माणसाचा भाव. गावकरी त्यांना ‘ट्रेनिंगची मुले’ म्हणून ओळखतात. शासकीय परिभाषेत हे छात्रशिक्षक होत. प्राथमिक शिक्षण पदविकेचा, म्हणजेच डी.एल.एड्.चा, अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांप्रमाणे त्यांपैकी किमान २० आठवडे छात्रशिक्षकाने प्रत्यक्ष शाळेत घालवावयाचे असतात. या काळास ‘आंतरवासिता’ असे भारदस्त नाव आहे. शाळांतून मात्र ‘इंटर्नशिप’ हाच शब्द रूढ झाला आहे.

गोव्यात या प्रशिक्षणाचे शासकीय केंद्र म्हणजे पर्वरी येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून अशा संस्थांची कल्पना देशभर पुढे आली. संस्थेत बालमानसशास्त्र शिकविले जाते, अध्यापनपद्धती शिकविल्या जातात, तक्ते व प्रतिकृती करवून घेतल्या जातात. परंतु वर्गाच्या दारात पाऊल टाकताना घसा कोरडा पडला तर काय करावे, हे कोणत्याही प्रश्नपत्रिकेत विचारले जात नाही. शिक्षक घडण्याच्या वाटेवरचा पहिला अडसर तर नेमका तोच असतो.

‘आत्मविश्वास बाळगा’ असा उपदेश छात्रशिक्षकांना सर्वत्र ऐकावयास मिळतो. उद्घाटनाच्या भाषणात तो असतो, निरोपाच्या भाषणातही असतो. या उपदेशात वाईट काही नाही. पण त्याचा उपयोगही फारसा होत नाही, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे. आत्मविश्वास ही कोणी सांगितली म्हणून अंगात येणारी वस्तू नव्हे. ती कोठून येते आणि कोणाच्या वागण्याने ती येते किंवा जाते, याचा विचार मुख्याध्यापकांनी, अधिकाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनीही करावयास हवा. कारण हे छात्रशिक्षक उद्या याच शाळांतून आपल्याच मुलांना शिकविणार आहेत.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. आत्मविश्वास म्हणजे सभाधीटपणा नव्हे. गणेशोत्सवाच्या रंगमंचावर धिटाईने संवाद म्हणणारा तरुण इयत्ता दुसरीच्या वर्गात गोंधळून गेल्याचे दिसते, आणि चार माणसांत तोंड न उघडणारी मुलगी मुलांसमोर सहजतेने बोलू लागते. रंगमंचावरचे प्रेक्षक ऐकण्यासाठी आलेले असतात. वर्गातील मुले शाळेत आलेली असतात एवढेच. त्यांना ऐकावयास लावणे हे शिक्षकाचे काम असते. म्हणून शिक्षकाचा आत्मविश्वास याचा अर्थ इतकाच घ्यावा की, समोरच्या या मुलांना ही गोष्ट मला समजावून देता येईल आणि काही बिघडले तर ते सावरताही येईल, असा अनुभवावर उभा असलेला भरवसा.

फ्रान्सिस फुलर या अमेरिकन विदुषीने १९६९ मध्ये छात्रशिक्षकांच्या चिंतांचा अभ्यास मांडला. तिला असे दिसून आले की, शिक्षकाच्या चिंता एका क्रमाने बदलत जातात. प्रारंभी सारी चिंता स्वतःविषयी असते : मी कसा दिसतो, मुले माझे ऐकतील का, निरीक्षक काय म्हणतील. पुढे ती कामाविषयी होते : वेळ कसा पुरवावा, पाठ कसा बसवावा. आणि त्यानंतर कोठे शिक्षकाला मुलांची चिंता वाटू लागते : यांना समजले का, मागे कोण राहिले. ‘या पोरांचे लक्ष मुलांकडे नसते, आपल्या वहीकडे असते’ अशी तक्रार करणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. पहिल्या आठवड्यात छात्रशिक्षकाचे लक्ष स्वतःकडे असणे हा दोष नव्हे. ती एक पायरी आहे. मात्र त्याला त्या पायरीवरून वर नेणे हे आपल्या हाती असते, आणि तेथेच त्याला खिळवून ठेवणेही आपल्याच हाती असते.

हे मी पुस्तकावरून सांगत नाही. या खात्यात येण्यापूर्वी, पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेला असताना, एका शाळेत रजेच्या जागेवर दोन महिने शिकविण्याची संधी मला मिळाली होती. प्रशिक्षण काहीच नव्हते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी फळ्यावर लिहिताना एका शब्दाची वेलांटी चुकली. त्या वेळी दारावरून जाणारे एक वरिष्ठ शिक्षक थांबले, आत आले, खडू हाती घेऊन त्यांनी ती दुरुस्त केली आणि मुलांकडे पाहून मंद हसले. मुलेही हसली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. शब्द शुद्ध असावा ही त्यांची तळमळ मी आजही मान्य करतो. परंतु त्यानंतर उरलेल्या दिवसांत मी फळ्यावर शक्य तितके कमी लिहिले. चूक होऊ नये म्हणून लिहिणेच टाळले. मुलांचे त्यात नुकसान झाले, कारण फळ्यावर न लिहिणारा शिक्षक अर्धाच शिकवितो. मुलांसमोर केलेली एक दुरुस्ती किती दूरवर परिणाम करते, हे त्यामुळे मला कायमचे कळले.

याच्या उलट अनुभव काही वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यातील एका शाळेत आला. खात्याच्या कामानिमित्त छायाचित्रे घेण्यासाठी गेलो असता तेथे एका छात्रशिक्षिकेचा गणिताचा पाठ चालू होता. विषय दशक व एकक. माडाच्या झावळीचे हीर सोलून तिने दहा-दहांच्या जुड्या बांधून आणल्या होत्या. वर्गात एकंदर चौदा मुले. पाठ बरा चालला होता. इतक्यात पुढच्या रांगेतील एका मुलाने आपल्या हातातील जुडी सोडून मोजली आणि त्यात नऊच हीर असल्याचे मोठ्याने जाहीर केले. बाईंचा चेहरा पडला. त्यांनी मागे बसलेल्या मार्गदर्शक शिक्षिकेकडे पाहिले. ती अनुभवी शिक्षिका मात्र आपल्या वहीत काही लिहीत राहिली. तिने मान वर केली नाही. दोन-चार क्षण तसेच गेले. मग छात्रशिक्षिकेने त्या मुलालाच विचारले, “मग याला दशक म्हणता येईल का?” वर्गात एकच गलबला झाला. कोणी नाही म्हणाले, कोणी एक हीर पुढे केला, आणि ‘हांव दितां, हांव दितां’ करीत चार हात वर आले. नऊ हिरांत एक मिळविल्यावर जुडी बांधली गेली. दशक म्हणजे काय, हे त्या वर्गाला तिच्या पाठटाचणातील सात मुद्द्यांपेक्षा त्या एका चुकलेल्या जुडीने अधिक चांगले समजले.

मधल्या सुट्टीत मार्गदर्शक शिक्षिकेने तिला शाबासकी दिली नाही, की जुड्या नीट मोजून आणल्या नाहीत म्हणून रागेही भरली नाही. तिने एवढेच विचारले, “जुडी कमी भरली तेव्हा तू काय केलेस, ते वहीत लिहिलेस का?” मुलीने लिहिले नव्हते. लिहावयास बसल्यावर तिच्या लक्षात आले की, आपण ऐन वेळी काहीतरी बरोबर केले. तिच्या चेहऱ्यावरचा तो बदल मला कॅमेऱ्यात पकडता आला नाही, याची हळहळ वाटते.

आत्मविश्वासाच्या उगमाचा शास्त्रीय विचार आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ते प्राध्यापक होते. माणसाला एखादे काम आपल्याला जमेल असे वाटू लागते त्याची चार कारणे त्यांनी सांगितली. स्वतः ते काम यशस्वीरीत्या केल्याचा अनुभव हे पहिले. आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते जमताना पाहणे हे दुसरे. विश्वासू माणसाने दिलेला धीर हे तिसरे. आणि छातीची धडधड, हातांचा कंप यांसारख्या शारीरिक खुणांचा आपण काय अर्थ लावतो, हे चौथे. या चारांत सर्वांत बळकट पहिले, असे त्यांचे म्हणणे होते. आपण मात्र प्रशिक्षणात सारा भर तिसऱ्यावर, म्हणजे बोलण्यावर, देत आलो आहोत.

यशाचा अनुभव द्यावयाचा तर काम आधी लहान करावे लागते. हे तत्त्व आपल्या जुन्या कारागिरांना ठाऊक होते. सुताराकडे उमेदवारी करणारा मुलगा पहिल्याच दिवशी दरवाजा बनवीत नाही. तो आधी रंधा धरावयास शिकतो. अध्यापनाच्या बाबतीत हाच विचार ‘सूक्ष्म अध्यापन’ या नावाने १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातच पुढे आला. भारतात त्याचा पहिला प्रयोग १९६७ मध्ये अलाहाबाद येथे झाला. पुढे १९७० च्या दशकात वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अभ्यास केंद्रात या तंत्रावर पुष्कळ काम झाले. तेथील बी. के. पासी यांचा या विषयावरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ते पुढे इंदूरच्या विद्यापीठात गेले आणि तेथेही हे काम चालू राहिले. वडोदरा व इंदूर ही मराठी भाषकांची जुनी केंद्रे असल्यामुळे आपल्या वाचकांना या माहितीत विशेष स्वारस्य वाटेल.

सूक्ष्म अध्यापनात संपूर्ण पाठ घ्यावयाचा नसतो. एका वेळी एकच कौशल्य घ्यावयाचे : प्रश्न विचारणे, उदाहरण देऊन स्पष्टीकरण करणे, फळ्यावर लिहिणे, मुलाच्या उत्तराला प्रतिसाद देणे. समोर पाच-दहा विद्यार्थी, बहुधा सहाध्यायीच. भारतीय नमुन्यात या साऱ्याला ३६ मिनिटे लागतात. ६ मिनिटे शिकवावयाचे, ६ मिनिटे त्यावर चर्चा, ज्याला शास्त्रीय भाषेत प्रत्याभरण म्हणतात. १२ मिनिटे नव्याने आखणी, ६ मिनिटे पुन्हा अध्यापन आणि ६ मिनिटे पुन्हा चर्चा. या चक्राचे मर्म त्यातील पुनराध्यापनात आहे. चूक दाखविल्यानंतर बारा मिनिटांतच ती सुधारण्याची संधी मिळते. चूक कळली आणि ती सुधारताही आली, या दोन गोष्टी एकाच तासात घडल्या म्हणजे चुकीची भीती उरत नाही. खेदाची गोष्ट अशी की, अनेक ठिकाणी वेळेअभावी पहिली सहा मिनिटे घेतली जातात, शेरा लिहिला जातो आणि पुनराध्यापन कागदावरच होते. तसे झाले तर उरते ती केवळ टीका. सहा मिनिटांची टीका ऐकून आत्मविश्वास वाढलेला मनुष्य मी तरी पाहिलेला नाही.

सहाध्यायांसमोरच्या या सरावालाही मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. एकोणीस-वीस वर्षांची मुले-मुली तिसरीतील विद्यार्थ्यांचे सोंग घेऊन बसली की ती फार शहाण्यासारखी उत्तरे देतात. आणखी एक अडचण आपल्याकडे विशेष आहे. प्रशिक्षणातील पाठ बहुधा एका इयत्तेचा एक वर्ग गृहीत धरून बसविलेला असतो. आपल्या तालुक्यांतील अनेक शासकीय प्राथमिक शाळांत मात्र पटसंख्या लहान असते आणि एकाच खोलीत दोन, तीन, कधी चारही इयत्तांची मुले बसतात. तेथे पोहोचल्यावर चांगली तयारी करून आलेला छात्रशिक्षकही गांगरतो, आणि आपल्यातच काही उणे आहे असे समजू लागतो. वास्तविक त्याची तयारी वेगळ्या खोलीसाठी झालेली असते. एका गटाला गिरविण्याचे वा चित्र काढण्याचे काम देऊन दुसऱ्या गटाशी बोलणे, मोठ्या मुलांकडून लहानांचे वाचन करवून घेणे, या गोष्टी बहुवर्ग शाळेतील जुने शिक्षक सहजतेने करतात. छात्रशिक्षकाने पहिला आठवडा असल्या शिक्षकाच्या मागे बसून केवळ पाहण्यात घालवावा. बांडुरांनी सांगितलेले दुसरे कारण ते हेच. मात्र पाहताना ‘बाई छान शिकवितात’ एवढीच नोंद करून भागत नाही. वर्गात गडबड झाली तेव्हा त्या कोठे उभ्या होत्या, प्रश्न विचारून किती वेळ थांबल्या, न येणाऱ्या मुलाला त्यांनी काय म्हटले, हे टिपून घ्यावे.

थांबण्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मेरी बड रो या संशोधिकेने अमेरिकेतील वर्गांत असे मोजले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात. हा काळ तीन सेकंदांवर नेला असता मुलांची उत्तरे लांबली आणि आपणहून बोलणाऱ्या मुलांची संख्या वाढली. घाबरलेल्या शिक्षकाला शांतता सोसवत नाही. तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. प्रश्नानंतर मनातल्या मनात तीन अंक मोजण्याची साधी सवय छात्रशिक्षकाने लावून घेतली तर वर्गातील शांतता त्याला अंगावर आल्यासारखी वाटत नाही, उलट ती मुलांच्या विचाराची वेळ आहे हे उमगते.

भाषेचा प्रश्न आपल्या प्रदेशात नाजूक आहे. मराठी शाळेत येणारे मूल घरी बहुतांशी कोंकणी बोलते. छात्रशिक्षकाचेही बहुधा तसेच असते. निरीक्षक मागे बसले की तो पुस्तकी मराठीत बोलू लागतो, वाक्य अर्धवट अडकते आणि आवाज खाली जातो. मूल कोंकणीत उत्तर देते तेव्हा ते स्वीकारावे की नाकारावे, हे त्याला कळत नाही. उत्तर बरोबर असेल तर ते प्रथम स्वीकारावे आणि मग तेच मराठीत म्हणून दाखवावे, ही रीत अनुभवी शिक्षक पाळतात. मुलाचा मान राहतो व नवा शब्दही मिळतो. छात्रशिक्षकाने स्वतःलाही तीच सवलत द्यावी. घरची बोली हा त्याच्या अध्यापनातील दोष नसून मुलांपर्यंत पोहोचण्याचा जवळचा रस्ता आहे, असे त्याला मार्गदर्शकाने पहिल्याच दिवशी सांगितले तर अर्धे ओझे उतरते. बेळगाव भागात कन्नडच्या, वडोदऱ्यात गुजरातीच्या आणि इंदूरकडे हिंदीच्या संदर्भात मराठी शिक्षकांना हा अनुभव येतच असतो.

शारीरिक खुणांविषयी थोडे. पहिल्या पाठाच्या वेळी हात थरथरणे, तोंडाला कोरड पडणे हे शरीर कामाला सज्ज होत असल्याचे लक्षण असते. ते असमर्थतेचे लक्षण म्हणून घेतले की भीती दुणावते. यावर काही घरगुती उपाय आहेत. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात जाऊन फळ्यावर लिहून पाहावे व शेवटच्या बाकावर बसून ते दिसते का पाहावे. नवा खडू मोडून घेतला तर तो किंचाळत नाही. हजेरीपटावरून निदान दहा मुलांची नावे पाठ करावीत; ‘ए, निळा शर्ट’ म्हणून हाक मारणाऱ्याला वर्ग परका वाटतो, नावाने हाक मारणाऱ्याला तो आपला वाटू लागतो. पाठाची पहिली दोन वाक्ये तोंडपाठ असावीत. पुढची नसली तरी चालते.

तरीही काही पाठ फसतातच. गुजरातचे थोर बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक नव्या विचारांनी भारून वर्गात जातो. शांततेचा खेळ घेऊन मुलांना निःशब्द बसविण्याचा त्याचा बेत असतो. मुले त्याचा पार फज्जा उडवितात आणि पहिल्या दिवशी त्याला वर्ग लवकर सोडावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगावयास घेतो, आणि तेथून त्याची मुलांशी गट्टी जमते. गिजुभाईंनी आपल्या शिक्षकाच्या वाट्याला पहिल्याच दिवशी ही फजिती दिली, यात त्यांचे शिक्षकपण दिसते. प्रत्येक छात्रशिक्षकाने पहिल्या सराव पाठापूर्वी ती पाने वाचावीत, अशी माझी शिफारस आहे. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभारले, आणि त्यांच्यासह अनुताई वाघ यांनीही अंगणात, झाडाखाली, जेथे मुले असतील तेथे जाऊन शिकविण्याचा मार्ग घातला. ठरविलेली पद्धत चालली नाही तर ती बदलण्याचे धैर्य ही माणसे बाळगून होती.

आता मुख्याध्यापक व मार्गदर्शक शिक्षक यांच्याकडे वळू. छात्रशिक्षकाची ओळख ‘ही शिकावयास आली आहे’ अशी करून द्यावी, की ‘या तुमच्या नव्या बाई’ अशी, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल; पण मुले त्या एका वाक्यावरून किती मान द्यावयाचा ते ठरवितात. पाठ चालू असता मध्ये बोलू नये. दुरुस्ती एकांतात करावी, आणि ती नेमकी असावी. ‘आवाज वाढवा’, ‘वर्गनियंत्रण हवे’ हे शेरे निरीक्षण वहीत वर्षानुवर्षे तेच ते आढळतात. त्याऐवजी ‘तुम्ही फळ्याकडे तोंड करून सूचना दिलीत, म्हणून मागच्या मुलांना ती ऐकू गेली नाही’ असे लिहिले तर दुसऱ्या दिवशी काय करावयाचे ते कळते. खोटी स्तुतीही नको. मुले कंटाळली होती हे छात्रशिक्षकाला दिसलेले असते. अशा वेळी ‘उत्तम पाठ’ असा शेरा मिळाला तर पुढच्या खऱ्या कौतुकावरचाही त्याचा विश्वास उडतो. शक्यतो मदत करणारा आणि गुण देणारा हे दोघे निराळे असावेत. जेथे ते जमत नाही तेथे निदान पहिले काही पाठ गुणांविना व्हावेत.

एक गोष्ट अप्रिय असली तरी लिहिणे भाग आहे. छात्रशिक्षक आला म्हणजे शाळेला फुकटचा बदली शिक्षक मिळाला, असे काही ठिकाणी मानले जाते. नियमित शिक्षक कार्यालयीन कामास जातात आणि पहिल्या आठवड्यातील नवखी मुलगी दिवसभर वर्ग सांभाळीत बसते. शिक्षकांवर इतर कामांचा भार पडतो हे खरे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे वगळता शिक्षकांना शैक्षणिकेतर कामास लावण्यास मनाई केलेली आहे, तरी कागदपत्रांचे काम शाळेतल्या शाळेत वाढतच असते. परंतु त्याची भरपाई छात्रशिक्षकाच्या खांद्यावर टाकणे इष्ट नव्हे. पोहावयास शिकणाऱ्याला विहिरीत ढकलून देणे ही जुनी पद्धत काहींना उपयोगी पडली असेल. ज्यांना ती उपयोगी पडली नाही ते सांगावयास येत नाहीत. भागशिक्षणाधिकाऱ्यांनी शाळाभेटीच्या वेळी छात्रशिक्षकाबरोबर वर्गात कोण असते, एवढे विचारले तरी पुष्कळ सुधारणा होईल.

नेमणूक झाल्यानंतरचे पहिले वर्षही जोखमीचे असते. अमेरिकेतील वूलफोक होय व स्पेरो यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, प्रशिक्षणकाळात वाढलेला आत्मविश्वास नोकरीच्या पहिल्या वर्षात घसरतो, आणि या घसरणीचा संबंध मिळणारा आधार कमी होण्याशी असतो. कारण उघड आहे. प्रशिक्षणात मागे कोणी बसलेले असते. पहिल्या नेमणुकीत, विशेषतः एकशिक्षकी शाळेत, कोणीच नसते. जवळच्या शाळांतील शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, नव्या शिक्षकाला अनुभवी शिक्षकाचा वर्ग पाहावयास एखादा दिवस मोकळा मिळावा, या गोष्टींना खर्च फारसा येत नाही.

गावकऱ्यांना वाटणारी शंका रास्त आहे : शिकाऊ शिक्षकाच्या हाती आमच्या मुलांचे नुकसान तर होणार नाही? मार्गदर्शक शिक्षक वर्गात असेल तर होत नाही. उलट मुलांकडे पाहणारे दोन डोळे वाढतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीस छात्रशिक्षकाला बोलवावे, त्याची ओळख करून घ्यावी. बसच्या वेळा अडचणीच्या असलेल्या गावात त्याच्या येण्याजाण्याची विचारपूस करावी. भातशेतीची कामे, फुगडीची गाणी, कुळागरातील झाडांची नावे यांची माहिती देणारी वडीलधारी माणसे गावात असतात. त्यांनी तासभर शाळेत येऊन बसावे. मुलांसमोर ‘या पोरीला काय येते’ असे उद्गार मात्र घरातही काढू नयेत. मूल तो उद्गार दुसऱ्या दिवशी दप्तरातून वर्गात घेऊन येते.

सत्तरीतील त्या शाळेत छायाचित्रांच्या प्रती देण्यासाठी मी दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा गेलो. आंतरवासिता संपत आली होती. मार्गदर्शक शिक्षिका कार्यालयाच्या खोलीत माध्यान्ह आहाराची नोंदवही लिहीत बसल्या होत्या. वर्गात कोण आहे, असे विचारले. “ती आहे,” त्या म्हणाल्या. “मी मागे जाऊन बसले होते. दहा मिनिटांनी तीच म्हणाली, बाई, तुमचे काम असेल तर जा, आज मी एकटी घेऊन पाहते. लागलाच तर हाक मारीन.” खिडकीतून मुलांचा आवाज येत होता. त्यांनी नोंदवहीचे पान उलटले आणि दार उघडेच ठेवले.